सरळ केलेले पाट

बापूसाहेब रिटायर झाले तेव्हा विजयमालाला वाटलं होतं, आता नवरा घरी येईल. आला तो फिटर.

त्यांची सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली. मुलीच्या शाळेसाठी विजयमाला सोलापुरात, भवानी पेठेतल्या सासऱ्यांच्या घरात राहायला आली आणि बापूसाहेब तिकडेच राहिले. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. संसार असा रविवारपुरता. रविवारी माणूस घरात असला की त्याला मटण करून घालायचं, शर्टांना इस्त्री करायची, तो झोपला की टीव्हीचा आवाज कमी करायचा. एवढं कुणालाही जमतं. इतर दिवशी हे घर कसं चालतं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. त्या इतर दिवसांतच तिनं मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालून कडक भाकरीचा धंदा उभा केला होता. सुरुवातीला ती एकटीच थापायची. मग गोजाबाई आली, तिच्या मागून सोजरबाई आली आणि तव्यावर बसायला मायाक्का. आता पुण्यातला एक दुकानदार दर आठवड्याला तिच्याकडून भाकरी मागवत होता. गुरुवारी संध्याकाळी पुण्याच्या बसमध्ये खोकी चढली की ती शुक्रवारी सकाळी जरा उशिरा उठायची. तेवढीच तिची चैन.

कडक भाकरी म्हणजे काही शिळी भाकरी वाळवलेली नव्हे. ज्वारीची भाकरी अगदी पातळ आणि सगळीकडे सारखी थापावी लागते, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत शेकायची. कुठे जाड राहिली की तेवढीच जागा चिवट होते आणि महिनाभर टिकायची ती भाकरी आठ दिवसांत मऊ पडते. दुकानदार असली भाकरी एकदा खपवून घेतो, दुसऱ्यांदा दुसरीकडून मागवतो. म्हणून सगळा धंदा हातावर होता, आणि त्यातल्या त्यात गोजाबाईच्या हातावर.

गोजाबाई मंगळवेढ्याकडची, डावखुरी. डाव्या हातानं थापलेली भाकरी सासूला चालत नव्हती, म्हणून सासरी तिनं निम्मं आयुष्य भांडी घासण्यात आणि मेंढरांमागं काढलं. विजयमालानं पहिल्या दिवशी तिला पाट दिला तेव्हा तिनं आधी उजवा हात पुढे केला होता आणि भाकरीचा पार चुथडा झाला होता. विजयमाला म्हणाली, तुला ज्या हातानं येते त्या हातानं थाप. त्यानंतर तिच्यासारखी भाकरी पेठेत कुणाची नव्हती. जुळे सोलापुरातल्या एका भाकरीवालीनं तिला दोनदा बोलावणं पाठवलं होतं. गोजाबाई गेली नाही. हे विजयमालाला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे ती कधी दाखवत नव्हती.

तर अशा घरात बापूसाहेब कायमचे आले. पहिला महिना त्यांनी पेपर वाचला. दुसऱ्या महिन्यात शेडमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले. पिठाचा डबा तव्याच्या उजवीकडे का आहे, डावीकडे का नाही, असं विचारू लागले. वर्कशॉपमध्ये म्हणे माणसाला वळावं लागू नये अशी हत्यारं मांडायची असतात. मायाक्का तोंडाला पदर लावून हसली. विजयमालानं पुण्याला मुलीला, प्रियदर्शनीला फोन केला, की बाबांना काहीतरी उद्योग लावून दे, नाहीतर मी कुठेतरी निघून जाईन. प्रियदर्शनी शहाणी मुलगी; पण बापाच्या बाबतीत नाही. तिनं घरपोच बॅटरीवरचा रंधा पाठवला.

रंधा कसला, पावाच्या लादीएवढं यंत्र. वायर नाही, काही नाही. बॅटरी खटकन बसवायची, बटण दाबायचं आणि लाकडावरून ढकलायचं. पुढच्या बाजूला एक गोल चकती. ती फिरवली की पातं किती खोल जाणार ते ठरतं. एका हातात मावतं. बापूसाहेबांनी ते खोक्यातून काढलं ते बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणावं तसं. लोखंडाशी आयुष्य गेलेल्या माणसाला लाकूड म्हणजे लोणीच वाटलं. सोबतचं माहितीपत्रक त्यांनी दोनदा वाचलं, मग आपला जुना व्हर्नियर कॅलिपर शोधून काढला. आता केसाएवढा फरकही त्यांना मोजता येणार होता.

बाथरूमचं दार पावसाळ्यात फुगायचं आणि खांदा लावून उघडावं लागायचं. त्यांनी ते बिजागरीतून उतरवलं, कड तासली, परत बसवलं. दार बोटानं ढकलायला लागलं. विजयमालानं तोंडभर कौतुक केलं. पुढं जे झालं त्याचं मूळ या कौतुकात आहे असं तिला आजही वाटतं.

हिवाळ्यात ते दार आकसलं. फट एवढी पडली की आत अंघोळ करणाऱ्यानं बाहेर कोण आलंय ते बघून घ्यावं. बापूसाहेबांनी तिथं रबराची पट्टी चिकटवली आणि लाकडाला नावं ठेवली. लोखंड असं करत नाही, म्हणाले. तोवर कपाटाची दारं झाली होती, खिडकीची चौकट झाली होती, शेजारच्या चनमल्लप्पांच्या किराणा दुकानातली बसायची फळीही झाली होती. चनमल्लप्पांनी चहा पाजला, त्यामुळे पुढचे काही दिवस बापूसाहेब गल्लीतल्या लोकांच्या दारांकडे बघत फिरले. लोक त्यांना येताना पाहून दार लावून घेत, आणि दार लावताना ते कुरकुरलं की बापूसाहेब थांबत.

मग एकदा अंगणात काहीतरी तासताना लाकडाची सालपटं उडाली ती शेडमधल्या पिठात. विजयमालानं ते सगळं पीठ गाईला घातलं आणि अंगणात रंधा चालवायचा नाही असं बजावलं. बापूसाहेब रंधा घेऊन गच्चीवर गेले. वरून घर्रर्र आवाज यायचा आणि खाली ती मनातल्या मनात हिशेब करायची, आता घरातलं कोणतं लाकूड उरलंय.

उरले होते ते भाकरी थापायचे पाट. ते तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण ते लाकूड आहेत असं ती मानतच नव्हती.

वैरागला भाचीचं डोहाळजेवण होतं. विजयमालानं शेडला दोन दिवस सुट्टी दिली आणि गेली. परत आली तर बापूसाहेब दारातच उभे. चेहऱ्यावर ते, प्रियदर्शनीचा पहिला नंबर आल्यावर असायचं तसलं हसू. पिशवी खाली ठेवू न देता तिला शेडमध्ये घेऊन गेले.

भिंतीशी तीन पाट टेकवून ठेवले होते. बाभळीचे, जाड, धंदा वाढला तसे तिनं बार्शीकडच्या एका सुताराकडून मुद्दाम करून घेतलेले. इतक्या वर्षांत ते पिठानं, पाण्यानं आणि हातानं काळेभोर गुळगुळीत झाले होते. आता ते सोललेल्या बटाट्यासारखे दिसत होते. शेडमध्ये सुताराच्या दुकानासारखा वास सुटला होता.

बापूसाहेब सांगत होते. पाटांत मधोमध खड्डे पडले होते. एकात तर तब्बल चार मिलिमीटर, तेही मध्यावर नाही, एका अंगाला. इतकी वर्षं बायका वाकड्या पाटावर काम करत होत्या आणि एकीलाही कळलं नाही. त्यांनी लेव्हल लावून तिन्ही पाट एका पातळीत आणले होते. आता फक्त पॉलिश बाकी होतं. रंग कोणता ते तिला विचारून ठरवू म्हणून थांबले होते.

विजयमाला खाली बसली. तिनं आपल्या पाटावर तळहात फिरवला. तळहाताला तो पाट ओळखू येईना.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसत होतं की."

 कदाचित काही होणार नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. लाकूडच आहे. हातांना सवय होईल. मंगळवार होता, गुरुवारी पुण्याची खोकी जायची होती.

बुधवारी सकाळी बायका आल्या. सोजरबाईनं पाट बघून नुसतं "अगं बाई" म्हटलं आणि विजयमालाकडे बघितलं. गोजाबाई पदर खोचून आपल्या जागेवर बसली, समोरच्या पाटावर डावा हात फिरवला आणि हात तिथंच थांबला.

"वैनी, माजा पाट कुटाय?"

"हाच की."

"ह्यो न्हाय."

"तोच आहे. ह्यांनी जरा... रंधा मारलाय."

गोजाबाईनं पाट जरा पुढं ओढला. गोळा मळला, पीठ पसरलं आणि थापायला लागली. जुन्या पाटावर तिच्या हाताखाली भाकरी आपोआप फिरायची. त्या उथळ खळग्यात तिचा मध्य ठरलेला होता आणि कड हळूहळू बाहेर सरकत पातळ व्हायची. आता भाकरी फिरेना, सरकायला लागली. एकदा पाटाच्या कडेला गेली, गोजाबाईनं ओढून आणली, तर नव्या तासलेल्या लाकडानं पीठ पिऊन टाकलं होतं. खालचा पदर पाटालाच चिकटून राहिला. तिनं दुसरी केली. ती उचलून मायाक्काच्या तव्यावर टाकली तर अर्धी तव्यात आणि अर्धी चुलीवर. सोजरबाईचं निराळं नव्हतं. विजयमालाच्या स्वतःच्या भाकरीला एका बाजूनं बोटभर जाड कड राहिली. मग स्टीलची परात आणली. परात पाटावर ठेवली तर ती स्वतःच गोल फिरायला लागली आणि शेडभर असा खणखणाट झाला की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून बघितलं.

बापूसाहेब खुर्चीवर बसून बघत होते. ते म्हणाले, गोळा जरा मध्यावर ठेवला तर सरकणार नाही. हवं तर पाटावर पेन्सिलीनं मध्य काढून देतो.

गोजाबाईनं हात धुतले. पदर सोडला.

"दादा," ती म्हणाली, "माज्या सासूनं बी ह्योच हात सरळ करायला बगितला हुता. तिला तर रंदा बी न्हवता."

आणि ती गेली. चप्पल घालताना तिनं एकदाही मागं बघितलं नाही. भांडली असती तर विजयमालाला बरं वाटलं असतं. भांडणारी बाई दुसऱ्या दिवशी येते.

विजयमाला मोबाईल घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेली, गोजाबाईच्या सुनेला फोन लावला. सून म्हणाली, आत्या अजून पोचल्या नाहीत. थोड्या वेळानं परत लावला. सून म्हणाली, आत्या म्हणतायत, जुळे सोलापूरवालीचा नंबर कुटं ठेवलाय. विजयमालानं विचारलं, देणार आहेस का नंबर? सून म्हणाली, आता त्येंनी मागितल्यावर काय करू मी काकू.

ती घरी आली तर गच्चीवर घर्रर्र चालू.

बापूसाहेब खड्डा परत करून देत होते. त्यांच्या मते प्रश्न साधा होता: चार मिलिमीटर काढले होते, चार मिलिमीटरचा खळगा परत पाडायचा. पण रंध्याचं बूड सपाट. त्यानं खळगा कसा पडणार? पडल्या त्या चऱ्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या, एकाशेजारी एक. त्यात त्यांनी रंधा लाकडाच्या रेषेच्या उलट चालवला होता, कारण लोखंडाला रेषा नसते. त्यामुळे मधले तंतू उपटून निघाले होते आणि गोजाबाईच्या पाटाच्या मधोमध कुत्र्यानं कुरतडल्यासारखी जागा झाली होती. विजयमाला वर पोचली तेव्हा ते कॅलिपर लावून त्या कुरतडलेल्या जागेची खोली मोजत होते.

"चार झाले," ते म्हणाले.

तेव्हा मात्र तिचं तोंड सुटलं. इतक्या वर्षांत ती नवऱ्याशी अशी बोलली नव्हती. रविवारी असं बोलायला वेळच नसायचा.

"मी कधी कुर्डुवाडीला आले का? तुमच्या लेथवर बसून भाकरी थापली का? इथं तेल का लावता, तिथं पाणी लावा असं म्हटलं का कुणाला? तुम्ही तिकडे काय करत होता ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही, कारण ते तुमचं काम होतं. हे माझं आहे. ही बाई गेली तर पुण्याचा माणूस जाईल, आणि तो गेला की मी तुमच्या शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसेन. दोघं मिळून बाथरूमच्या दाराची फट मोजू."

बापूसाहेबांनी बॅटरी काढली आणि खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, मी जाऊन सांगतो तिला.

"चला," विजयमाला म्हणाली. "आत्ता. मीपण येते. आणि ते यंत्र घेऊ नका."

ते यंत्र त्यांनी घेतलं नाही. पण कॅलिपर घेतला, हे तिला अर्ध्या वाटेत कळलं.

गोजाबाईचं घर म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या आणि पुढं शेळी बांधायची जागा. ती बाहेरच बसली होती, घरासाठी भाकरी थापत. पाट तिचा स्वतःचा, आणखी जुना, एक कोपरा फुटलेला. तिनं या म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. सुनेनं दोन पाण्याचे पेले आणून ठेवले. बापूसाहेबांनी सुरुवात केली ती पाटांच्या पातळीपासून. फरक किती होता, का काढला, मनात काय होतं. गोजाबाई थापत राहिली. त्यांचं बोलणं संपायच्या आत तिची भाकरी संपली.

मग ती बाजूला सरकली.

"बसा," ती म्हणाली. "हितं बसा. एक थापा."

बापूसाहेबांनी बायकोकडे बघितलं. बायको शेळीकडे बघत होती. ते मांडी घालून बसले, पॅण्ट गुडघ्यात ताणली गेली. गोजाबाईनं गोळा पुढे ठेवला. त्यांनी उजव्या हातानं थापायला सुरुवात केली. हात मध्यावर पडे, पण पाटाचा खळगा डावीकडे. भाकरी तिकडे घसरे आणि हात मोकळ्या लाकडावर आपटे. चारपाच थापांत ती फाटली. त्यांनी ती गोळा करून परत मळली, परत थापली, परत फाटली. सून आत तोंड फिरवून हसली. तिसऱ्या वेळी त्यांनी थापायचं सोडलं आणि नुसता डावा तळहात त्या खळग्यात ठेवला. तिथंच ठेवून बसले. कॅलिपर खिशातच होता, त्याकडे त्यांचा हात गेला नाही.

"आमच्याकडं लोखंड घासायची कानस असायची," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "तिची मूठ ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे झिजायची. मी माझी कुणाला देत नव्हतो. कुलपात ठेवायचो. साहेबांनी मागितली तरी नाही म्हणायचो."

"मग?" गोजाबाई म्हणाली.

 विजयमालाला वाटलं, आता हा माणूस चुकलं म्हणेल. तसं काही ते म्हणाले नाहीत. हात झाडून उठले आणि पाटाला लागलेलं पीठ बोटानं खरवडून परत परातीत टाकलं. आपल्या लग्नाच्या नवऱ्यानं पीठ वाया जाऊ दिलं नाही असं विजयमालानं पहिल्यांदाच बघितलं.

गोजाबाई आपल्या जागेवर परत बसली.

"उद्याच्याला येते," ती विजयमालाला म्हणाली. "त्या दुसरीला मी अजून फोन केलेला न्हाय. पर वैनी, माजा पाट मी आणणार, ह्योच. आन सांजच्याला माज्यासंगं घरी नेणार. तुमच्या घरात ठिवणार न्हाय."

"अगं, मी कुलूप लावते शेडला."

"किल्ली कुणापशी असती?"

किल्ली दाराच्या मागं खिळ्याला असते. 

वाटेत बापूसाहेब म्हणाले की बाई हट्टी आहे. रोज एवढं वजन नेणं-आणणं म्हणजे खांद्याचं दुखणं निघेल. त्यापेक्षा पाटाला खालून एक मूठ बसवून दिली तर. विजयमाला चालण्याचा वेग वाढवून त्यांच्या पुढे निघून गेली.

गुरुवारी गोजाबाई आली, बगलेत गोणपाटात गुंडाळलेला पाट. सोजरबाईनं आपल्या सासूची लाकडी काठवट आणली होती, मधोमध विहिरीसारखी खोल. पण सोजरबाईचे हात तिच्यात लगेच बसले. विजयमाला आपल्या तासलेल्या पाटावर बसली, भरपूर पीठ पसरून, दर भाकरीला दात-ओठ खात. तिच्या भाकऱ्या जाड निघाल्या, त्या तिनं बाजूला काढल्या. घरात खायला झाल्या. गोजाबाईनं तिच्या वाटच्याही थापल्या. शेडभर नुसता थापांचा आवाज. दुपार कलली तेव्हा खोकी भरली होती आणि बसला वेळेत गेली. पुण्याच्या दुकानदाराला काही कळलं नाही, कळणारही नव्हतं.

बायका निघाल्या. गोजाबाईनं पाट पुसला, गोणपाटात गुंडाळला. सोजरबाईनं काठवट पिशवीत घातली, ती मावेना, अर्धी बाहेरच राहिली. मायाक्काकडे पाट नव्हता, तरी तिनं जाताना आपलं भाकरी दाबायचं फडकं घडी करून कमरेला खोचलं. विजयमालाला ते दिसलं. पुढच्या ओट्यावर बापूसाहेब बसले होते, मांडीवर रंधा, पातं फडक्यानं पुसत. तिघी त्यांच्या समोरून गेल्या. त्यांची नजर सोजरबाईच्या पिशवीतून बाहेर आलेल्या काठवटीच्या कडेवर गेली. कड एका जागी तुटकी होती.

"सोजरबाई," ते म्हणाले, "ती कड जरा..."

सोजरबाईनं काठवट दुसऱ्या बगलेत घेतली आणि चालायला लागली.

विजयमाला शेडमध्ये एकटी उभी होती. तिचा पाट खाली तसाच पडला होता. एका दिवसात त्यावर काहीही झालं नव्हतं. कुठं झीज नाही, कुठं काळं नाही, नुसता पांढराफटक. तो परत तिचा व्हायला वर्षं जाणार होती, आणि तेवढी वर्षं तो या घरात रंध्यापासून वाचायला हवा होता. गोजाबाई पाट घरी नेत होती. सोजरबाई नेत होती. विजयमालानं पाट उचलला, आणि तो घेऊन ती कुठं जाणार हे तिलाच कळेना. तिचं घर हेच.

ती पाट छातीशी धरून ओट्यावरून खाली उतरली. बापूसाहेबांनी वर पाहिलं.  गल्लीच्या वळणावर तिनं गोजाबाईला गाठलं.

"हा पण ने," ती म्हणाली.

गोजाबाईनं पाटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या माणसाकडे बघितलं.

"दोन-दोन कसं न्यायचं वैनी?"

"अर्ध्या वाटेपर्यंत मी धरते."

गोजाबाईनं आपला पाट दुसऱ्या बगलेत सरकवला आणि तिच्या पाटाची एक कड धरली. दोघी तशाच, मधे पाट धरून, गल्लीतून चालायला लागल्या.